कॅलगरीला आधी माणूस जाऊ दे, बिऱ्हाड मागून

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही नऊ वर्षं कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतोय. ह्यांना अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत नोकरी मिळाली आहे आणि ५ जानेवारीला रुजू व्हायचंय. घरात मुलगी बारावीत, मुलगा पाचवीत आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. आम्ही सगळे पीआर (कायमचे रहिवासी) आहोत, पासपोर्ट भारतीय. कंपनी सामान हलवायला ८,००० डॉलर देणार आहे. ह्यांचं म्हणणं, नाताळच्या सुट्टीत यू-हॉल कंपनीचा मोठा ट्रक भाड्याने घेऊन स्वतःच सगळं नेऊ, मी मागून गाडी चालवायची. मी तीन मूव्हर्सना फोन केले. एकाने बाकी दोघांच्या जवळजवळ निम्म्यात करून देतो म्हणून सांगितलं, पण आजच हजार डॉलर ई-ट्रान्सफर करा म्हणतो. सासूबाईंना सागवानी देव्हारा, पितळेची भांडी आणि सासऱ्यांची वाजवायची पेटी सोडून जायचं नाही. मुलगी आठवडाभर कुणाशी बोललेली नाही. हातात एक महिना आहे. मी सुरुवात कुठून करू?
— ब्रॅम्प्टनहून एक वाचक

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात एकच तारीख खरी पक्की आहे, आणि ती फक्त तुमच्या यजमानांना लागू आहे. ५ जानेवारीला कॅलगरीत पोचणं त्यांना भाग आहे. तुम्हाला, मुलांना, सासूबाईंना किंवा देव्हाऱ्याला त्या दिवशी तिथे असण्याचं काहीच कारण नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: त्यांनी दोन बॅगा घेऊन विमानाने जावं, सहा महिने एखादी सामानासकटची खोली घ्यावी, आणि तुम्ही सगळ्यांनी मुलीची शाळा संपल्यावर जुलैमध्ये घर हलवावं. दोन ठिकाणचं भाडं जड जाईल, ते मला कळतं. तरीही हेच का सांगते आहे, ते वाचा आणि मग घरात बसून ठरवा.

आधी ट्रकचं बोलू, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. टोरंटो परिसरातून कॅलगरी रस्त्याने साधारण ३,४०० किलोमीटर. सॉल्ट सेंट मेरीपर्यंत अंदाजे ७००, तिथून थंडर बे ७००, तिथून विनिपेग आणखी ७००. पुढे रेजायनापर्यंत पावणेसहाशे आणि शेवटचे साडेसातशे-पावणेआठशे. नकाशावर हे पाच सरळ टप्पे दिसतात. पण सॉल्ट सेंट मेरी ते थंडर बे हा लेक सुपीरियरच्या काठचा हायवे १७ बहुतेक ठिकाणी दोनच लेनचा आहे. सरोवरावरून येणारं बर्फ तिथे तासाभरात रस्ता दिसेनासा करतं, आणि वावा गावाच्या आसपास वादळात हायवे बंद होणं ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. डिसेंबरअखेर तिथे उजेड जेमतेम आठ-साडेआठ तास असतो. अंधारात मूस, म्हणजे प्रचंड मोठी हरणं, रस्त्यावर येतात. मोबाइलची रेंज लांब लांब अंतर गायब असते आणि पेट्रोल पंप विरळ. जानेवारी २०१६ मध्ये याच रस्त्यावरच्या निपिगॉनच्या नव्या पुलात बिघाड झाला तेव्हा कॅनडाचा पूर्व-पश्चिम रस्ताच तुटला होता, कारण त्या ठिकाणी देशाच्या आत दुसरा रस्ता नाही.

"मग अमेरिकेतून, शिकागोवरून जाऊ" असं कोणीतरी सुचवेलच. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचं पीआर असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो सगळ्यांकडे नसेल तर तो विषय तिथेच संपला.

२६ फुटी ट्रक १०० किलोमीटरला साधारण २३-२४ लिटर पेट्रोल पितो, म्हणजे वाटेत ८०० लिटर. त्यावर हॉटेलं, ट्रकचं भाडं, विमा. भाड्याच्या ट्रकला हिवाळी टायर असतीलच असंही नाही. तुमच्या यजमानांनी एवढं मोठं वाहन बर्फात कधी चालवलं नसेल, तर पहिला धडा वावाच्या चढावर नको. आणि तुम्ही दोन मुलं आणि सासूबाईंना गाडीत घेऊन त्या ट्रकमागून पाच दिवस जाणार, हे मला मान्य नाही. पैसे वाचतात म्हणून तर मुळीच नाही. ट्रक स्वतः न्यायचाच असेल तर जुलैत न्या. तेव्हा तोच रस्ता देशातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक असतो.

आता मुलगी. बारावीचं वर्ष मध्येच सोडून प्रांत बदलणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा निर्णय ठरेल, आणि त्याचं बिल तिला भरावं लागेल. ओंटारिओत शाळा पूर्ण करायला ३० क्रेडिट्स लागतात. विद्यापीठांचे अर्ज जानेवारीत जातात आणि पहिल्या सत्राचे गुण लगेच पुढे बघितले जातात. अल्बर्टाची रचना वेगळी आहे. तिथे बारावीच्या मुख्य विषयांना प्रांताची डिप्लोमा परीक्षा असते आणि अंतिम गुणांत तिचा वाटा ३० टक्के असतो. फेब्रुवारीत जाऊन वेगळ्या अभ्यासक्रमात बसायचं, नव्या परीक्षेची तयारी करायची, आणि हे सगळं मैत्रिणी मागे सोडून. ती बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही. तिला आज जेवताना एवढंच सांगा की जूनपर्यंत आपण इथेच आहोत आणि तुझं ग्रॅज्युएशन याच शाळेत होणार. पुढचं बोलणं ती स्वतः सुरू करेल असं मला वाटतं.

तिच्या शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरला मात्र एक गोष्ट आताच विचारा. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षणासाठीचं सरकारी अर्थसाहाय्य कुठल्या प्रांताचं मिळणार, हे बहुधा आईवडील सलग १२ महिने शेवटचे कुठे राहिले त्यावरून ठरतं. एक पालक जानेवारीत आणि दुसरा जुलैत गेला तर तुमच्या बाबतीत काय होईल, हे अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं. मुलाची फार चिंता करू नका. त्याचं प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाचं पिवळं कार्ड हाताशी ठेवा, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांबरोबर नवं वर्ष सुरू केलं की तो रुळतो.

भाड्याच्या घराचं गणित तर तुम्ही अजून मांडलेलंच दिसत नाही. ओंटारिओत भाडेकरूने घर सोडायचं तर एन-९ हा फॉर्म भरून किमान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि शेवटचा दिवस भाड्याच्या महिन्याचाच शेवटचा दिवस असावा लागतो. तुम्ही महिन्याच्या भाड्याने राहत असाल आणि डिसेंबरात नोटीस दिलीत, तर ती फेब्रुवारीअखेर लागू होईल. घरमालकाने लवकर सोडायला लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. पण तोवर जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं तुमच्या डोक्यावर आहेच, मग तुम्ही कुठेही राहा. म्हणजे मी सुचवलेल्या सहा महिन्यांतले दोन महिने तसेही मोजावे लागणारच होते. जुलैअखेर घर सोडायचं ठरलं तर नोटीस मे संपायच्या आत द्या आणि दिल्याचा पुरावा ठेवा. शेवटच्या महिन्याचं भाडं मालकाकडे जमा असेल तर ते त्याच महिन्यात वळतं करायचं असतं, आणि त्यावरचं व्याज हा तुमचा हक्क आहे. मोडतोडीसाठी म्हणून वेगळं डिपॉझिट घेणं ओंटारिओत कायद्याला धरून नाही, तेव्हा त्या नावाने कोणी पैसे अडवले तर ऐकून घेऊ नका.

कॅलगरीत नियम वेगळे. तिथे मालक डिपॉझिट घेऊ शकतो, पण एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. भाडेवाढ वर्षातून एकदाच करता येते, मात्र ती किती असावी याला तिथे कमाल मर्यादा नाही. म्हणून घर न बघता इथून फोनवर वर्षभराचा करार करू नका. यजमान सहा महिने तिथे असतील. त्यांना शाळा, बस आणि ऑफिसचा रस्ता बघून वस्ती निवडू द्या. फेब्रुवारीत कुठल्या गल्लीतलं बर्फ उचललं जातं आणि कुठल्या नाही, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

कंपनीच्या ८,००० डॉलरबद्दल यजमानांनी या आठवड्यात दोन प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, हे पैसे वापरायची मुदत किती? जुलैपर्यंत चालेल का? बऱ्याच ठिकाणी मागितलं तर मुदत मिळते, पण ते ईमेलवर असू द्या. दुसरा, पैसे एकरकमी देणार की बिलं दाखवल्यावर? हा फरक मोठा आहे. हिशेब न मागता दिलेल्या रकमेतला ६५० डॉलरच्या वरचा भाग पगारासारखा करपात्र धरला जातो. स्थलांतराच्या ग्राह्य खर्चाची बिलं घेऊन तेवढीच भरपाई दिली तर त्यावर कर लागत नाही. कंपनीला दोन्ही सारखंच, तुम्हाला नाही.

कंपनीने भरून न दिलेला खर्च तुम्ही टी-१-एम हा फॉर्म भरून उत्पन्नातून वजा करू शकता. नवं घर जुन्या घरापेक्षा नव्या कामाच्या जागेला किमान ४० किलोमीटर जवळ असावं लागतं, तो प्रश्न तुम्हाला नाहीच. मूव्हर्सचं बिल, सामान साठवण्याचा खर्च, प्रवास, वाटेतलं जेवण आणि मुक्काम, भाडेकरार मोडण्याचा खर्च, लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं बदलण्याची फी हे सगळं त्यात येतं. कुटुंबातल्या सगळ्यांनी एकाच वेळी प्रवास केला पाहिजे अशी अट नाही. जेवणाच्या पावत्या ठेवायच्या नसतील तर माणशी एका जेवणाला २३ आणि दिवसाला जास्तीत जास्त ६९ डॉलर अशी सोपी पद्धत आहे. दोन मर्यादा लक्षात ठेवा. तात्पुरत्या मुक्कामाचा खर्च १५ दिवसांपुरताच धरतात, त्यामुळे यजमानांच्या खोलीचं सहा महिन्यांचं भाडं यात बसेल असं समजू नका. आणि वजावट फक्त नव्या ठिकाणच्या कमाईतून मिळते. उरली तर पुढच्या वर्षी नेता येते. आणखी एक: ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांताचे रहिवासी, त्या प्रांताचा कर पूर्ण वर्षाला लागतो. यंदा ओंटारिओ, पुढच्या वर्षी अल्बर्टा.

आता ते स्वस्तातले मूव्हर. ताई, पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर आजच बँकेशी बोला.

घर न बघता फोनवर आकडा, तोही इतरांच्या निम्म्यात, आणि आजच्या आज ई-ट्रान्सफर. ही खूण ओळखीची आहे. पुढचा प्रकार असा होतो: ठरल्या दिवशी कुठल्याही नावाचा नसलेला भाड्याचा ट्रक येतो, सामान भराभर चढतं, आणि दार बंद झाल्यावर सांगतात की वजन जास्त भरलं, आता दुप्पट द्या. नाही दिले तर सामान कुठल्याशा गोदामात जातं. तुमचं सगळं घर त्यांच्या ताब्यात असताना तुम्ही घासाघीस करू शकत नाही. कॅनडात मूव्हर म्हणून धंदा सुरू करायला केंद्र सरकारचा खास परवाना लागत नाही, त्यामुळे पारखायचं काम ग्राहकालाच करावं लागतं. ओंटारिओच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार करारात अंदाजित किंमत लिहिलेली असेल, तर तुमच्या संमतीशिवाय तिच्यावर १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. पण हा नियम कामाला यायला अंदाज कागदावर हवा आणि समोर पत्ता असलेला माणूस हवा.

म्हणून असं करा. कॅनेडियन असोसिएशन ऑफ मूव्हर्सच्या सभासदांच्या यादीतून तीन नावं घ्या. प्रत्येकाला घरी येऊन किंवा व्हिडिओवर प्रत्येक कपाट उघडून सामान बघायला लावा. तळघर आणि गॅरेज विसरू नका, तिथेच अंदाज चुकतात. मग विचारा: तुम्ही स्वतः नेणार की काम दुसऱ्याला देणार? मधले दलाल पुष्कळ आहेत. जो कागदावर सही करतो तोच ट्रक घेऊन येणार ना, हे स्पष्ट करून घ्या. दर वजनावर असेल तर किमान किती पाउंडांचे पैसे लागतीलच? ट्रक रिकामा आणि भरलेला अशा दोन्ही वेळच्या वजनकाट्याच्या पावत्या मिळतील ना? जिने, लांबून उचलून आणणं, गल्लीत मोठा ट्रक शिरला नाही तर छोट्या ट्रकने आणणं, यांचे वेगळे पैसे किती? सामान कधी पोचेल? लांब पल्ल्यावर एका ट्रकमध्ये तीन-चार घरांचं सामान असतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे सहज लागू शकतात. कोणी अमुक दिवशी सकाळी दहाला पोचवतो म्हणाला तर ते करारात लिहून मागा, आणि त्याचा चेहरा बघा.

नुकसानभरपाईचं कलम तर स्वतः वाचा. काही वेगळं घेतलं नाही तर नेहमीची जबाबदारी वस्तूच्या वजनावर, पाउंडाला ६० सेंट अशी असते. ४० पाउंडांचा टीव्ही फुटला तर २४ डॉलर. सासऱ्यांची पेटी २५ पाउंडांची धरली तर १५ डॉलर. पूर्ण किमतीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं आणि ते घ्याच. तुमच्या भाडेकरू विम्यात प्रवासातलं सामान येतं का, हेही त्या कंपनीला विचारून ठेवा.

एक मधला मार्गही आहे. दारात कंटेनर आणून ठेवतात, तुम्ही चार-पाच दिवसांत आपल्या हाताने भरता, मग तो नेऊन कॅलगरीत दारात उतरवतात. बिगस्टीलबॉक्स किंवा यू-हॉलचे यू-बॉक्स ही त्यातली नावं. सामान इतरांच्या सामानात मिसळत नाही आणि भरायला वेळ मिळतो, म्हणून मला तुमच्यासाठी हा पर्याय आवडतो. त्याला दोन अटी आहेत. टाउनहाउसच्या व्यवस्थापनाची कंटेनर ठेवायची लेखी परवानगी हवी, आणि भरताना जड सामान खाली, भिंतीला लागून, पट्ट्यांनी बांधून भरणारं एखादं अनुभवी माणूस हाताशी हवं. तेवढ्यापुरते दोन हमाल तासावर मिळतात.

तारीख निवडताना जूनचे शेवटचे आणि जुलैचे पहिले चार-पाच दिवस टाळा. सगळ्यांचे करार महिन्याअखेर संपतात आणि क्वीबेकमध्ये तर १ जुलै हा घरं बदलण्याचाच दिवस आहे. जुलैच्या मध्यावर, मंगळवार-बुधवार बघा. उन्हाळा असल्याने दर चढेच असतील, म्हणून मार्चमध्येच बुक करा. जूनअखेरचा दर आणि जुलै मधला दर अशी दोन्ही कोटेशन्स मागून, एका महिन्याचं जादा भाडं धरून कुठे स्वस्त पडतं ते बघा.

आणि आता सासूबाईंचं सामान. इथे मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे.

वजनावर पैसे मोजायचे म्हटलं की लोक आधी जुन्या, जड वस्तूंकडे बोट दाखवतात. पितळेचा हंडा, पाटा-वरवंटा, खलबत्ता. प्रत्यक्षात वजन कुठे असतं? दोन-तीन खोल्यांच्या घरात साधारण पाच ते आठ हजार पाउंड सामान निघतं, आणि त्यातलं बहुतेक सोफा, पलंग, गाद्या, कपाटं आणि तळघरातली न उघडलेली खोकी यांचं असतं. आयकियाचं भुशाच्या फळ्यांचं कपाट एकदा जोडलं की पुन्हा सोडवून जोडताना स्क्रूची भोकं मोठी होतात. ते ३,४०० किलोमीटर नेण्यात अर्थ नाही. कॅलगरीतही आयकिया आहे. सोफा, जेवणाचं टेबल, दिवाण हे मे महिन्यापासून किजिजी आणि फेसबुक मार्केटप्लेसवर टाकत जा. शेवटच्या आठवड्यात विकायला काढलं की लोक फुकटच मागतात.

मग बाथरूममधला वजनकाटा दिवाणखान्यात आणा आणि सासूबाईंसोबत बसून एकेक वस्तू तोला. कोटेशनचा दर पाउंडाला एक डॉलर धरला, तर ३० पाउंडांची पितळेची भांडी न्यायला ३० डॉलर. तेवढ्यात तसं जुनं, जाड पितळ कॅनडात कुठे मिळणार? ओला ग्राइंडर ४० पाउंडांचा असला तर ४० डॉलर, आणि नवा त्याहून कितीतरी महाग. तोही न्या. पुस्तकं मात्र कठोरपणे निवडा, कारण पुस्तकांचं खोकं हे घरातलं सगळ्यात फसवं वजन असतं. छोट्या खोक्यात भरा, मोठ्यात भरलेलं कोणाला उचलत नाही. हे तोलण्याचं काम तुम्ही एकटीने करू नका. काय न्यायचं याचा निर्णय सासूबाईंच्या हातात राहिला तर चार वस्तू त्या आपणहून सोडतील. वस्तू परस्पर टाकल्या तर त्या घरात पुढची पाच वर्षं तेच ऐकू येईल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

देव्हारा सागवानी आहे म्हणजे भक्कम आहे. कळस, दारं, घंटा सुटत असतील तर सोडवा, प्रत्येक भाग वेगळा गुंडाळा आणि त्याच्यासाठी लाकडी पेटी बनवून घ्या. आतले देव, टाक, शाळिग्राम मूव्हर्सकडे देऊ नका. सासूबाईंनी ते विमानात हातातल्या पिशवीत न्यावेत. तुळशीची कुंडी आणि कढीपत्त्याचं झाड मूव्हर्स सहसा घेत नाहीत. कढीपत्ता एखाद्या मैत्रिणीला द्या आणि तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून पाकिटात भरून ठेवा. कॅलगरीत खिडकीत ऊन भरपूर येतं, तिथे नवी तुळस चांगली धरेल. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे, रंग, ब्लीच, गॅसच्या नळ्या हेही ट्रकमध्ये चालत नाही. लोणची मे-जूनमध्ये संपवा.

सासऱ्यांच्या पेटीबद्दल जास्त सांगायला हवं. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि तिथली हवा अतिशय कोरडी. ब्रॅम्प्टनचा दमटपणा अंगवळणी पडलेलं लाकूड तिथे पहिल्याच हिवाळ्यात आकसतं, सांधे उघडतात, भाता गळायला लागतो, तबला असेल तर पुडी ताणली जाते. शिवाय जानेवारीत पेटी बिनतापवलेल्या ट्रकमध्ये उणे तीस अंशांत दोन आठवडे राहिली असती. हेही जुलैत जाण्याचं एक कारण आहे, आणि माझ्या मते लहान नाही. पेटी शक्यतो स्वतःच्या गाडीतून न्या, उन्हात बंद गाडीत ठेवू नका, आणि तिथे खोलीतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास राहील असा ह्युमिडिफायर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये लावा. सासऱ्यांनी वाजवलेली पेटी दुसरी विकत मिळत नाही.

सासूबाईंच्या तब्येतीचं नियोजन देव्हाऱ्याइतकंच बारकाईने करा. प्रांत बदलला की नव्या प्रांताचं आरोग्य कव्हर लगेच सुरू होत नाही. अल्बर्टात ते वास्तव्य सुरू झालेल्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. जुलैमध्ये पोचलात तर ऑक्टोबरच्या १ तारखेला. तोवर डॉक्टर आणि हॉस्पिटलसाठी ओंटारिओचं ओहिप (सरकारी आरोग्य विमा) कार्ड चालतं, म्हणून ती कार्डं कापून टाकू नका. पण औषधं आणि ॲम्ब्युलन्सचा खर्च त्या व्यवस्थेत येत नाही. ६५ वर्षांवरच्यांना ओंटारिओत मिळणारी औषधांची सवलत प्रांताबाहेरच्या दुकानात चालत नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना सांगून जास्तीत जास्त दिवसांची, म्हणजे १०० दिवसांपर्यंतची औषधं घ्या आणि ती हातातल्या सामानात ठेवा. इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत. मधल्या काळासाठी छोटा प्रवास आरोग्य विमा घ्या. अल्बर्टात ज्येष्ठांसाठी औषधांची वेगळी, हप्ता न भरता मिळणारी योजना आहे, तिचा अर्ज आरोग्य कार्डाबरोबरच करा. आणि वैद्यकीय कागद! गेल्या दोन वर्षांचे रक्ताचे अहवाल, डोळ्यांची तपासणी, इसीजी यांच्या प्रती आताच मागा. कॅलगरीत फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, तर यजमानांनी शोध फेब्रुवारीतच सुरू करावा. सासूबाईंनी विमानानेच जावं. चार-साडेचार तासांचा प्रवास आहे. व्हीलचेअर मागून घ्या.

बाकीचे कागद पटकन सांगते. दोघांचं ओंटारिओचं ड्रायव्हिंग लायसन्स पोचल्यापासून ९० दिवसांत बदलून घ्यायचं. त्यासाठी निघण्याआधी ड्रायव्हिंगचा अधिकृत दाखला आणि विमा कंपनीचं अनुभवाचं पत्र घ्या, नाहीतर तिथे नव्या चालकाचा हप्ता माथी बसेल. बाहेरून आलेल्या बहुतेक गाड्यांना अल्बर्टात तपासणी करून घ्यावी लागते, त्यामुळे गाडी जुनी आणि गंजलेली असेल तर नेण्याआधी विचार करा. कॅनडा पोस्टकडे पत्रं वळवण्याची सोय चार किंवा बारा महिन्यांसाठी मिळते, बारा घ्या. महसूल खातं, चाइल्ड बेनिफिट, बँका आणि नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशन खातं, सगळीकडे पत्ता बदला. पासपोर्ट आणि ओसीआयची कामं यापुढे टोरंटोऐवजी व्हँकुव्हरच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतील. कोणाचा पासपोर्ट पुढच्या वर्षभरात संपत असेल तर तो टोरंटोतच नवा करून घ्या.

गाडी न्यायचं ठरलं तर जुलैत तुम्ही, यजमान आणि मुलं मिळून ती चालवा. यजमानांनी त्यासाठी आठवड्याची रजा आताच मागून ठेवावी. दिवसाला एक टप्पा, संध्याकाळी सहाच्या आत मुक्काम. थंडर बेला टेरी फॉक्सचं स्मारक आहे. १९८० साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघालेला तो मुलगा त्या शहराजवळ थांबला. तिथे मुलीला थोडा वेळ द्या.

शेवटचं, सामान पोचण्याच्या दिवसाचं. ट्रक भरताना मूव्हर प्रत्येक खोक्यावर क्रमांक लावतो आणि यादीत त्याची अवस्था लिहितो. धडधाकट वस्तूपुढे 'ओरखडे' लिहिलं असेल तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा आणि फोटो काढा. कॅलगरीत उतरवताना एकाने दारात उभं राहून क्रमांक खोडायचे, दुसऱ्याने खोल्या दाखवायच्या. सगळे क्रमांक जुळेपर्यंत सही करू नका. काही फुटलं किंवा हरवलं असेल तर सहीच्या वरच लिहा, आणि दावा करारातल्या मुदतीत लेखी पाठवा. देव्हाऱ्याची पेटी त्या लोकांसमोरच उघडून बघा.

उद्या सकाळी यजमानांच्या विमानाचं तिकीट बघा आणि शाळेतल्या काउन्सेलरची वेळ घ्या. एवढी दोन कामं झाली की बाकीच्याला सात महिने आहेत.